निद्रा, क्षुधा आणि ओरेक्सिन : उंदरावरील प्रयोगांतून वैद्यांनी काय घ्यावे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश पुरुषांचे वर्णन चालू असतानाच आचार्य निद्रेकडे वळतात. विद्यार्थिदशेत ही सांगड अनेकांना अनपेक्षित वाटते. मेदाचा विषय चालू असताना झोपेचे प्रकार मध्येच कशासाठी? ग्रंथकारांचे उत्तर स्पष्ट आहे. देहाच्या धारणेस आहार जितका आवश्यक, तितकीच निद्रा. आणि स्थौल्य व कार्श्य ही दोन्ही विशेषेकरून या दोहोंपासून उद्भवतात. गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांत उंदराच्या एका जनुकावर जे संशोधन झाले, त्यातही क्षुधा आणि जागृती यांची अशीच गाठ पडलेली दिसते. या साम्यावरून घाईने काही सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या संशोधनातून अतिनिद्रेच्या एका विशिष्ट रुग्णाविषयी जे कळते, ते चिकित्सालयात बसणाऱ्या प्रत्येक वैद्याला ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एक जनुक, दोन नावे

इ. स. १९९८ च्या आरंभी, काही आठवड्यांच्या अंतराने, अमेरिकेतील दोन गटांनी एकच जनुक स्वतंत्रपणे शोधल्याचे जाहीर केले. कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स संस्थेत ग्रेगर सटक्लिफ व लुईस द लेसिया यांचा गट हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात विशेषत्वाने कार्यरत असणारी जनुके धुंडाळीत होता. त्यांना जे चेतापेप्टाइड मिळाले, त्याची रचना सिक्रेटिन या आतड्यातील संप्रेरकाशी थोडीफार जुळते असे त्यांना वाटले. म्हणून हायपोथॅलॅमस आणि सिक्रेटिन यांवरून त्यांनी 'हायपोक्रेटिन' असे नाव दिले. दुसरा गट टेक्सासमधील डॅलसचा, मासाशी यानागिसावा व ताकेशी साकुराई यांचा. त्यांच्या हाती पेशीच्या आवरणावरील काही ग्राही होते. पण त्या कुलपांना लागणारी किल्ली कोणती, हे अज्ञात होते. ती किल्ली शोधताना त्यांना हेच पेप्टाइड सापडले. मोठ्या जातीच्या उंदरांच्या मेंदूत ते टोचले असता प्राणी अधिक खाऊ लागले. दोन दिवस उपाशी ठेवलेल्या उंदरांत या जनुकाचे कार्यही वाढलेले आढळले. साहजिकच भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी 'ओरेक्सिन' असे नामकरण केले. आजही जनुकाचा उल्लेख पहिल्या नावाने आणि पेप्टाइडाचा बहुधा दुसऱ्या नावाने होतो. आम्ही या लेखात ओरेक्सिन हेच नाव वापरीत आहोत.

या एका जनुकापासून प्रथम एक लांब पूर्वरूप तयार होते आणि ते तुटून दोन पेप्टाइडे बनतात. ओरेक्सिन-ए मध्ये ३३ अमिनो आम्ले, तर ओरेक्सिन-बी मध्ये २८. त्यांचे ग्राहीही दोन. ही पेप्टाइडे बनवणाऱ्या चेतापेशी हायपोथॅलॅमसच्या पार्श्व व लगतच्या भागात एवढ्याशा जागेतच असतात. उंदरात काही हजार, माणसात पन्नास ते ऐंशी हजारांच्या दरम्यान. अब्जावधी पेशींच्या मेंदूत ही संख्या नगण्यच. तथापि त्यांचे तंतू मेंदूच्या जवळजवळ सर्व भागांत आणि पृष्ठरज्जूतही पसरलेले असतात.

रात्रीच्या चित्रणात दिसलेले

जनुकाचे खरे कार्य जाणण्याचा रूढ मार्ग म्हणजे ते जनुक नसलेला प्राणी निर्माण करणे. डॅलसच्या गटाने तसे उंदीर तयार केले. भुकेचे पेप्टाइड नाही, तेव्हा हे उंदीर खाणार नाहीत व रोडावतील, अशी अपेक्षा होती. दिवसा पाहता त्यांच्यात काहीच विशेष दिसेना. आता, उंदीर हा निशाचर प्राणी. आपला दिवस ही त्याची रात्र. त्याचे खाणेपिणे, धावणे, अंग चाटणे हे सारे अंधारात चालते. प्रयोगशाळेत माणसे मात्र दिवसा कामास येतात! खाण्याचे वर्तन नीट पाहावे म्हणून संशोधकांनी अंधारात अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने चलत्‌चित्रण केले, तेव्हा विलक्षण दृश्य दिसले. चांगला हिंडताफिरता उंदीर एकाएकी थबकतो, लुढकतो, निश्चल पडतो. आणि थोड्याच वेळात उठून, जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा आपल्या उद्योगास लागतो.

प्रथम शंका आली ती अपस्माराची, आणि ती येणे स्वाभाविकही होते. परंतु मेंदूचा विद्युत्‌ आलेख घेतला असता अपस्माराची चिन्हे त्यात नव्हती. हे उंदीर जागृतावस्थेतून थेट स्वप्ननिद्रेत शिरत होते. सामान्य प्राण्यात गाढ निद्रेची पायरी ओलांडल्यावाचून स्वप्ननिद्रा येत नाही. शिवाय या उंदरांची जाग तुकड्यातुकड्यांची होती. सलग जागे राहणे त्यांना जमत नव्हते. हे चित्र माणसातील नार्कोलेप्सी या विकाराशी तंतोतंत जुळले. रिचर्ड शेमेली व सहकाऱ्यांचा हा वृत्तांत ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातील एमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाने दुसऱ्या टोकाकडून तेच उत्तर आणले. तेथे नार्कोलेप्सी असलेल्या डॉबरमन व लॅब्रेडॉर कुत्र्यांची वंशावळ अनेक वर्षे सांभाळलेली होती. आवडते खाद्य पुढे येताच आनंदाने ही कुत्री पाय गळून खाली बसत. सुमारे दहा वर्षांच्या शोधानंतर त्यांच्यातील दोष ओरेक्सिनच्या दुसऱ्या ग्राहीच्या जनुकात सापडला. उंदरात किल्ली नाही, कुत्र्यात कुलूप बिघडलेले, परिणाम एकच.

या घटनेत आम्हांस विशेष वाटते ते असे. पेप्टाइड टोचल्यावर उंदीर अधिक खात होता, हे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु तो प्रयोग उजेडाच्या वेळी, म्हणजे उंदराच्या झोपण्याच्या वेळी केलेला होता. जागा राहिलेला उंदीर खाणारच. नाव पडले ते दिसलेल्या एका कर्मावरून; व्यापक कर्म नंतर कळले. द्रव्याचे एक कर्म दिसताच त्यावर मुद्रा उमटवून मोकळे होण्याची घाई आधुनिक शास्त्रातही होते, हे पाहून थोडे बरे वाटते, एवढेच.

उंदीर आणि माणूस यांतील भेद

यापुढचे पाऊल माणसाचे. इ. स. २००० मध्ये नार्कोलेप्सीच्या ९ रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवाची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ७ जणांत ओरेक्सिन सापडलेच नाही. त्याच वर्षी मृत रुग्णांच्या मेंदूच्या परीक्षणात या विशिष्ट चेतापेशी ८५ ते ९५ टक्के नष्ट झालेल्या आढळल्या. मात्र त्यांचे जनुक, अगदी विरळा अपवाद वगळता, शाबूत होते. म्हणजे उंदरात जनुक काढून टाकले होते, तर माणसात जनुक असूनही ते वाचणारी पेशीच मेली होती. बहुसंख्य रुग्णांत एचएलए गटातील एका जनुकाचे विशिष्ट रूप आढळते. त्यामुळे शरीराची संरक्षक यंत्रणाच या पेशींचा घात करीत असावी असे आज मानले जाते. उंदरावरून माणसाविषयी बोलताना हा भेद सतत ध्यानात ठेवला पाहिजे. उंदराने जागा दाखवली. रोगाचे कारण सांगितले नाही.

माणसाशी अधिक जुळणारा उंदीर २००१ मध्ये जपानी संशोधकांनी तयार केला. यात ओरेक्सिनच्या पेशी जन्माच्या वेळी असतात, परंतु पुढे क्रमाने मरतात. या उंदरांत नार्कोलेप्सी तर दिसलीच, शिवाय ते खात होते कमी आणि जाड होत होते. कमी आहार आणि तरीही मेदवृद्धी! केवळ जनुक नसलेल्या उंदरांत हा स्थूलपणा इतका ठळक नसतो. कारण या पेशी ओरेक्सिनबरोबर डायनॉर्फिनसारखी अन्य द्रव्येही स्रवतात. पेशी गेली की ती सर्वच जातात. नार्कोलेप्सीच्या मानवी रुग्णांतही वजन वाढण्याची प्रवृत्ती वैद्यकास परिचित आहे. दिवास्वापाने मेद वाढतो हे आपल्या शास्त्रात स्थौल्याच्या हेतूंत सांगितलेले आहेच. तथापि येथे दिवसाची झोप आणि मेदवृद्धी ही दोन्ही एकाच मुळाची फळे आहेत, एक दुसरीचे कारण असेलच असे नाही. अशा रुग्णाला 'झोप कमी करा, खाणे कमी करा' असे सांगणे व्यर्थ ठरते. तो कदाचित आधीच कमी खात असतो.

उपवासाने येणारी जाग

आता ज्या प्रयोगासाठी आम्ही हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालो, त्याकडे वळू. ओरेक्सिनच्या पेशी रक्तातील शर्करा, मेदातून येणारे लेप्टिन आणि आमाशयातून येणारे घ्रेलिन यांची वार्ता सतत घेत असतात. शर्करा व लेप्टिन वाढले की त्या मंदावतात. घ्रेलिन वाढले की उत्तेजित होतात. इ. स. २००३ मध्ये यामानाका व सहकाऱ्यांनी सामान्य उंदरांना उपाशी ठेवले. ते अधिक जागे राहू लागले, अधिक हिंडू लागले. अन्न शोधायचे तर जागे राहिले पाहिजे, हा निसर्गाचा साधा हिशेब. ज्यांच्या ओरेक्सिन-पेशी नष्ट झालेल्या होत्या त्या उंदरांना तितकेच उपाशी ठेवले, परंतु त्यांच्या जागेपणात अशी वाढ झाली नाही. भूक होती, भुकेचा निरोप जागृतीपर्यंत पोचविणारा दूत नव्हता.

वाचकांना चरकोक्त अतिनिद्रेचे उपचार आठवतच असतील. विरेचन, शिरोविरेचन, वमन, धूम, व्यायाम, रक्तमोक्षण यांच्या जोडीला तेथे उपवास सांगितला आहे. भय, चिंता व क्रोध हेही सांगितले आहेत. तंद्रा व निद्राधिक्य ही कफाच्या नानात्मज विकारांत गणलेली असल्यामुळे लंघनाने कफ क्षीण होऊन निद्रा कमी होते, ही उपपत्ती आपण सर्वजण जाणतो आणि व्यवहारात तिचा प्रत्ययही घेतो. प्रश्न आहे तो ज्या रुग्णात निरोप पोचवणारी पेशीच उरलेली नाही त्याचा. उंदरावरून माणसाबद्दल थेट निर्णय देता येत नाही, हे वर म्हटलेच आहे. परंतु अशा रुग्णाला वारंवार लंघन घडवूनही झोप हटत नसेल, तर त्याच्या आळसाला किंवा पथ्यभंगाला दोष देण्यापूर्वी वैद्याने थांबावे, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

भय व क्रोध यांबाबत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. नार्कोलेप्सीच्या अनेक रुग्णांत तीव्र भावना उसळताच स्नायूंचे बळ एकाएकी जाते. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. सर्वांत अधिक वेळा ती हसण्याने येते, पण राग, आश्चर्य यांनीही येते. उंदरांतही हेच. पिंजऱ्यात पळण्याचे चाक ठेवले किंवा चॉकलेट दिले की जनुकरहित उंदरांत असे झटके वाढतात. 'दरडावून उठवा, भीती घाला, म्हणजे झोप पळेल' हा सल्ला या रुग्णाच्या बाबतीत त्याला जमिनीवर आणणारा ठरू शकतो.

याचा अर्थ ग्रंथोक्त चिकित्सा चुकीची असा कोणी काढू नये. आचार्यांनी निद्रेचे प्रकार सांगताना तमोभवा, श्लेष्मसमुद्भवा, श्रमजन्य, आगंतुकी, व्याध्यनुवर्तिनी व रात्रिस्वभावप्रभवा असा भेद केला तो एवढ्याचसाठी की सर्व निद्रा एक नव्हे. नार्कोलेप्सी यांपैकी कशात बसवावी, यावर विद्वानांत मतभेद होतील. तो वाद अवश्य व्हावा. मात्र ओरेक्सिन म्हणजे रजोगुण किंवा प्राणवायूचा अंश अशी समीकरणे मांडून तो वाद संपविण्याचा मोह टाळावा. अशा समीकरणांनी ना आपले शास्त्र पुढे जाते, ना त्यांचे.

जागृतीचे अन्य पहारेकरी

ओरेक्सिनच्या पेशी एकट्या जाग राखीत नाहीत. नॉरॲड्रिनॅलिन, सिरोटोनिन, हिस्टामिन व डोपामिन बनविणाऱ्या पेशींच्या समूहांना त्या चेतवीत असतात. इ. स. २००७ मध्ये स्टॅनफर्ड येथे द लेसिया यांच्या गटाने उंदराच्या फक्त याच पेशी प्रकाशाने उद्दीपित होतील अशी योजना केली. तसा प्रकाश सोडताच झोपलेला उंदीर जागा होण्याची शक्यता वाढली.

या ठिकाणी सर्पगंधेची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाचा लेख ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. रेसर्पिन हे नॉरॲड्रिनॅलिन, सिरोटोनिन व डोपामिन यांचे साठेच रिकामे करते. म्हणजे ओरेक्सिन ज्या पहारेकऱ्यांना जागे ठेवते, त्यांच्याच हातातील शस्त्रे ही वनस्पती काढून घेते. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी येणारी गुंगी ही हिस्टामिनच्या मार्गातील. तेव्हा दिवसा झोप येते अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास तो सर्पगंधायुक्त वटी अथवा सर्दीची औषधे घेत आहे काय, हे प्रथम विचारावे. अनेकदा निदान तेथेच संपते.

अश्वगंधेविषयीची एक नोंद औषधविक्रेत्यांच्या उपयोगी पडेल. यानागिसावा पुढे जपानमधील त्सुकुबा येथे निद्रासंशोधन संस्थेत गेले. त्या संस्थेतून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अश्वगंधेच्या पानांचा जलीय अर्क उंदरांना तोंडावाटे दिला असता त्यांची निद्रा वाढली. विथॅनोलाइडांनी युक्त अशा मद्यार्कातील अर्काने मात्र वाढली नाही. निद्राकारक द्रव्य म्हणून त्यांनी ट्रायइथिलीन ग्लायकॉल हे निराळेच द्रव्य दाखविले. आपल्याकडे वापर आहे तो मुळाचा. तेव्हा पानांवरील, उंदरांवरील आणि एका विशिष्ट अर्कावरील हा निष्कर्ष उचलून मुळाच्या चूर्णाच्या डबीवर 'झोपेसाठी वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' असे छापणे योग्य नव्हे. विथॅनोलाइडांच्या टक्केवारीवरून झोपेचे आश्वासन देणे तर या प्रयोगाच्या उलटच होईल. मुळाचा अनुभव आपल्याजवळ आहे. त्याला उसन्या पुराव्याची गरज नाही.

मज्जा, जरा आणि अफू

ओरेक्सिनची अन्य कर्मे येथे थोडक्यात देतो. इ. स. २०१९ मध्ये बोस्टन येथील संशोधकांनी दाखविले की वारंवार झोपमोड केलेल्या उंदरांत ओरेक्सिन कमी होते. त्यामुळे अस्थींतील मज्जेत श्वेतपेशींची निर्मिती वाढते आणि धमन्यांच्या भिंतींत मेदाचे थर वाढतात. मस्तिष्कातील पेप्टाइड अस्थींतील मज्जेपर्यंत आज्ञा पोचविते, ही गोष्ट धातुविचार करणाऱ्यांना मननीय वाटेल.

२०२२ मधील एका प्रयोगात वृद्ध उंदरांत या पेशींची संख्या तरुण उंदरांहून सुमारे ३८ टक्के कमी आढळली. परंतु उरलेल्या पेशी किंचितशा निमित्तानेही उत्तेजित होत होत्या, म्हणून त्यांची झोप वारंवार मोडत होती. म्हाताऱ्या माणसाची झोप उथळ का, याचे एक संभाव्य उत्तर येथे आहे. अफूविषयीचे निरीक्षण त्याहूनही चमत्कारिक. २०१८ मध्ये हेरॉइनच्या व्यसनी व्यक्तींच्या मेंदूत ओरेक्सिन दर्शविणाऱ्या पेशी नेहमीपेक्षा अधिक आढळल्या, आणि मॉर्फिन दिलेल्या उंदरांतही तसेच घडले. ओरेक्सिनचा संबंध केवळ जागेपणाशी नसून हव्यासाशीही आहे असे यावरून व अन्य प्रयोगांवरून दिसते.

या ज्ञानातून औषधे दोन दिशांनी निघाली. ग्राही अडवून झोप आणणारे सुव्होरेक्सँट २०१४ मध्ये अमेरिकेत व जपानमध्ये संमत झाले. त्याच वर्गातील आणखी औषधे पुढे आली. याच्या उलट, दुसऱ्या ग्राहीस चेतवून नार्कोलेप्सीत जाग आणणाऱ्या औषधांचे प्रयत्न चालू आहेत. त्यांतील एकाची चाचणी यकृतावरील दुष्परिणामांमुळे २०२१ मध्ये थांबवावी लागली. दुसऱ्या एका गोळीचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

चिकित्सालयात

नार्कोलेप्सी विरळ आहे. पाश्चात्य देशांत साधारणतः दोन हजारांत एक असे प्रमाण मानतात. बहुधा ती दहा ते वीस वर्षांच्या वयात सुरू होते, आणि निदान होईपर्यंत कित्येक वर्षे जातात. या काळात मुलाला आळशी म्हटले जाते, शाळेत शिक्षा होते. जागे होताना अंग हलत नाही, खोलीत कोणीतरी उभे असल्याचा भास होतो, म्हणून बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे नेले जाते. नाही तर झटके पाहून अपस्माराची चिकित्सा वर्षानुवर्षे चालते.

अशा वेळी एक प्रश्न फार मोलाचा आहे: 'हसताना तुझे गुडघे लटके पडतात का, मान खाली जाते का, हातातील वस्तू गळते का?' उत्तर होय असे आले, तर दुसरा प्रश्न विचारावा की त्या क्षणी आजूबाजूचे ऐकू येते का. कॅटाप्लेक्सीत शुद्ध हरपत नाही. अपस्मारात व मूर्च्छेत ती बहुधा हरपते. थोडी झोप घेतल्यावर काही काळ अगदी ताजेतवाने वाटते का, हेही विचारावे. स्थूल, मध्यमवयीन व घोरणारा रुग्ण असेल तर निद्रेतील श्वासावरोधाचा विचार आधी करावा, कारण तो कितीतरी अधिक आढळतो. पांडू व थायरॉइडची मंदता यांचीही तपासणी व्हावी. हसण्याने गळून पडणारा रुग्ण मात्र, आपली चिकित्सा चालू ठेवूनही, निद्रापरीक्षणाची सोय असलेल्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावा. निदान निश्चित होईपर्यंत त्याने वाहन चालवू नये, विहिरीत अथवा नदीत एकट्याने पोहू नये आणि चुलीपाशी एकट्याने बसू नये, असे घरच्यांस बजावून सांगावे.

दिनचर्येत मात्र आपल्याला पुष्कळ करता येते. दिवास्वापाचा सरसकट निषेध या रुग्णास लागू करू नये. ठरलेल्या वेळी घेतलेली पंधरा-वीस मिनिटांची झोप त्याला उपकारक ठरते. रात्रीची निद्रा ठराविक वेळी, दुपारचे भोजन लघू, आणि ज्या रुग्णाचे वजन वाढत आहे त्यास नियमित व्यायाम. शिक्षकांसाठी एक पत्र लिहून द्यावे. औषधाइतकाच त्याचा उपयोग होतो. कॅटाप्लेक्सीसाठी रुग्णास आधीपासून नैराश्यविरोधी गटातील औषध चालू असल्यास, आपली चिकित्सा सुरू करताना ते एकाएकी बंद करवू नये. तसे केल्यास झटके उलटून इतके वाढतात की रुग्ण काही तास, क्वचित काही दिवस, उभाच राहू शकत नाही.